थकायचा हुकूम

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. आमच्या चळवळीच्या मंडळातल्या सोबत्यांना नाही, घरी नाही, रागाच्या भरातसुद्धा नाही — आणि माझा राग तुम्हाला ठाऊक आहे, रागात माझ्या तोंडून काय काय निघतं तेही ठाऊक आहे. हे मात्र निघालं नाही. याला काय म्हणायचं? भीतीच म्हणायची, दुसरं काय?

तुम्ही माझी पत्रकं वाचली असतील. गोंदियाच्या स्टेशनाबाहेर, नाहीतर एखाद्या बिडी कारखान्याच्या दारात कुणीतरी तुमच्या हातात पिवळा कागद कोंबला असेल. वेठीविरुद्धचं पत्रक मीच लिहिलं होतं. मालगुजारी गेली तरी मालगुजाराचा आवाज गेला नाही, हेही माझंच. आणि त्या सिनेमावरची दोन पत्रकं माझी. पहिल्यातलं अक्षर न् अक्षर मी आजही पुन्हा लिहीन. दुसऱ्याबद्दल बोलायचं आहे — पण पहिल्यापासून सांगावं लागेल, नाहीतर तुम्हाला वाटेल मी उगाच स्वतःला झोडपतो आहे.

दसऱ्याच्या आसपास गोंदियाच्या टॉकीजला लढाईचा सिनेमा लागला. हिंदी. पोस्टरवर तोफेचा धूर, आणि धुरातून हसणारा जवान. हसणारा! मी गेलो तो चिडायलाच गेलो, हे आधी सांगतो. पण बसल्यावर चिडायला वेळ लागला, कारण सुरुवात मला आवडली. गाडीतून पोरं उतरतात, कुणाच्या हातात गाठोडं, कुणाच्या कमरेला करगोटा, न्हावी एकेकाचं डोकं भादरतो, आणि सगळी सारखी दिसायला लागतात. त्यांच्यात एक जाडा पोरगा. त्याचा डावा-उजवा पाय चुकतो. सगळे वळले की हा उलटा वळतो. मोठ्या मिशांचा हवालदार त्याला बंदूक डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावतो. जाड्या पळतो, धापा टाकतो, विचारतो की साहेब, थकलो, थांबू का? हवालदार मिशीवर ताव देऊन म्हणतो, "थकने का हुकुम अभी नहीं आया!"

टॉकीज खदाखदा हसली. शेंगांची टरफलं उडाली, शिट्ट्या झाल्या, मागच्या बाकावरून कुणी तेच वाक्य परत ओरडलं आणि पुन्हा हशा.

मग आघाडी. त्याच जाड्याला गोळी लागते — नेमकी छातीत, चेहऱ्याला खरचटतही नाही. तो दोस्तांना वाचवून मरतो. मरताना विचारतो, "साहेब, आता थकू?" हवालदार रडत रडत सलाम ठोकतो, आणि आता अख्खी टॉकीज नाक शिंकरते. ज्यांनी टरफलं उडवली तेच.

मी रडलो नाही. बाहेर येऊन सायकलीवर टांग टाकली ती थेट छापखान्यात. पत्रकाचं नाव होतं 'आधी हसवतात, मग मारतात'. त्यात लिहिलं होतं की हा सिनेमा तुम्हाला एका पोराच्या दमण्यावर हसायला शिकवतो, म्हणजे त्याच्या मरण्याचं तुम्हाला काही वाटू नये — फार तर दोन आसवं यावीत, गोड वाटणारी. त्यात लिहिलं होतं की या सिनेमात कुणाचे पाय दिसत नाहीत. बूट दिसतात, रांगेत आपटणारे, चकचकीत. बुटाच्या आतला पाय एकदाही नाही. आणि लिहिलं होतं, हवालदार पळ म्हणतो, तीन उड्या दिसतात, हशा होतो, आणि लगेच पुढचं दृश्य — पोरं ताटं घेऊन बसलेली, जाड्याही हसतोय. मधलं पळणं कुठं गेलं? कापलं! कात्रीनं कापून फेकलं! जो पळाला त्याचं पळणं कात्रीनं थोडंच संपतं?

बरोबर आहे ना? मला आजही बरोबर वाटतं. हेच तर — हेच मला झोपू देत नाही. मला सगळं कळलेलं होतं.

पत्रक गाजलं. टॉकीजचा गेटकीपर माझ्यासमोर ते वाचून म्हणाला, "अरे भैया, पिक्चर है, कोई सच थोड़े है! सच देखने को कौन टिकट निकालेगा?" मी त्याच्याशी तासभर भांडलो. मंडळाच्या चिटणीसांनी पाठ थोपटली. वय काय माझं! पाठ थोपटली की ती जागा आठवडाभर गरम राहायची.

आता गाव. आमचं गाव गोंदियाहून फुलचूरच्या पुढे, सायकलीच्या टप्प्यात. घरात आम्ही पोवारी बोलतो, बाहेर जे समोर येईल ते. घरी धानाच्या बांध्या बऱ्या आहेत. पाटील नाही, पण लोक पाटलासारखं वागवतात आणि आम्ही वागवून घेतो. आमच्याकडं सोनबा सालदार होता. माझा जन्म व्हायच्या आधीपासून. त्याचा मुलगा डोमा — माझ्याहून थोडा लहान, एकाच खळ्यावर खेळलेला. खेळताना मी नेहमी बैलबंडीवर, तो जुवाला. हे तेव्हा खटकलं नाही. वेठीवरचं पत्रक लिहितानाही खटकलं नाही. पत्रकात मालगुजार होता, आम्ही नव्हतो.

भाऊबीजेनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. पाव्हणे येतात, दुकानं लागतात, दिवस मावळला की दंडार, म्हणजे गावच्या पोरांनी नाचत-गात केलेलं नाटक. त्या वर्षी पोरं माझ्याकडं आली — शिवा पुढं, बाकीचे मागं — की भाऊ, रामायणातलं दरवर्सी होते, औंदा कायतरी नवं लिहून द्या. मी म्हटलं, देतो. फौजेवर देतो. पण खरं! सिनेमातलं खोटं नाही — भरतीत पोरांचं काय होतं, आघाडीवर काय होतं, ते आपल्या बोलीत, आपल्या खळ्यावर.

आणि लिहायला बसलो तर काय? मला काय ठाऊक होतं फौजेचं? गावात फौजेत गेलेला कुणी नव्हता. कवायत म्हणजे काय, हुकूम कसा देतात, पाय कसा आपटतात — माझ्याजवळ होता तो सिनेमा. तोच एक.

म्हणून मी काय केलं — सांगतो, हसा — दंडारीच्या अख्ख्या पार्टीला बंडीत घालून टॉकीजला नेलं. ज्या दारात मंडळाची पोरं 'हा सिनेमा पाहू नका' म्हणून कागद वाटत होती, त्याच दारातून. त्या दिवशी वाटणाऱ्यांना मी दुसऱ्या भागात, रेलटोलीकडं धाडलं होतं. गेटकीपर मला पाहून दार धरून वाकला.

डोमा माझ्या शेजारी बसला होता. जाड्या पळायला लागला तेव्हा सगळे हसले. डोमा हसला नाही. मी बघितलं, कारण मी त्याच्याकडंच बघत होतो — माझ्या पत्रकाचा पुरावा शोधत होतो म्हणा ना. त्याचे ओठ हलत होते. पावलं मोजत होता की काय कुणास ठाऊक.

परतताना बंडीत तो म्हणाला, "भाऊ, तो जाड्या खरा नाही ना मेला जी?"

"अरे सिनेमा आहे तो, डोम्या."

"हव. पन त्याईले दोन्ही टाइम जेवाले भेटते. अन् जोडे." मग बैलांकडं बघत म्हणाला, "कामठीले भरती राह्यते म्हनतेत. मी जाऊ का जी?"

मी त्याला तिथंच भाषण दिलं. फौज म्हणजे काय, युद्ध कुणाच्या फायद्याचं, गरिबाचं पोर पुढं आणि श्रीमंताचं मागं. बंडी गावात शिरेपर्यंत. शिवा पेंगला. डोमा मात्र अधूनमधून "हो जी" म्हणत होता, आणि मला कळत होतं की हा ऐकून घेऊन राहिला, मानून नाही राहिला. त्याला जोडे दिसत होते.

तालमी आमच्या खळ्यावर. बंदुका नव्हत्या. मी म्हटलं, काठ्या नकोत, काठी कुणीही उचलतो, वजन दिसलं पाहिजे. म्हणून मुसळं आणली — घराघरातून, धान कांडायची, खाली लोखंडी कडं ठोकलेली. बायांनी बोंब मारली. शिवाची आई खळ्याच्या कडेला येऊन उभी राहिली, "मुसळ नेलं तं धान कायनं कांडू गा? तुह्या बंदुकीनं?" सगळे हसले. मजा चालली होती. मी हवालदार झालो. लिहिणाराच बसवणार, म्हणून — असं मी तेव्हा सांगितलं. दुसऱ्या कुणाला हवालदार करता आलं नसतं का? शिवाचा आवाज माझ्या दुप्पट होता.

आणि जाड्याचं काम मी डोमाला दिलं.

तो जाडा नव्हता. वाळलेला, उंच, धान कापायला लागला की दोघांच्या पुढं जाणारा. त्याला त्या रांगेत सरळ उभं राहायचं होतं, बाकीच्यांसारखं. मी म्हटलं, नाही, तू चुकणारा. का? कारण तो नाही म्हणणार नव्हता. बाकी कुणाच्या बापाला मी असं सांगू शकत नव्हतो की तुमच्या पोराला रोज दुपारी खळ्यावर धाडा. सोनबाला सांगावं लागलंच नाही. वेठीवर पत्रक लिहिणारा माणूस मी — आणि ही काय होती? बोला ना, ही काय होती?

तर झालं असं की डोमाला चुकता येईना. मी "दाहिने मुड़" म्हटलं की तो बरोबर वळायचा. पाय बरोबर आपटायचा. सिनेमा एकदाच पाहिला होता, पण अंगात उतरला होता त्याच्या. बाकीची पोरं एकमेकांवर आदळत होती आणि ज्यानं चुकायचं तो एकटा ताठ, मुसळ खांद्याला, हनुवटी वर. मी ओरडलो, अरे चूक! चूक ना! तो म्हणायचा, "हो जी", आणि परत बरोबर. तो मुद्दाम करत नव्हता. त्याला ते आवडत होतं. त्याच्या तोंडावर ते दिसत होतं, आणि मला ते सहन होत नव्हतं.

मी हे लिहून वाचलं आत्ता. चांगलं दिसतंय, नाही? शांततेसाठी लढणारा तरुण, मित्राला फौजेच्या नादातून सोडवू पाहणारा, म्हणून जरा कठोर. मी स्वतःला हेच सांगत आलो — त्याला खरं फौजेतलं पळणं कळावं, भरतीचं खूळ जावं, म्हणून पळवलं. खोटं आहे. पळवायला लागल्यावर एकदाही माझ्या मनात कामठी आली नाही.

तो तालमीचा शेवटून दुसरा का तिसरा दिवस. दुपार. एका बाजूला लवकर येणाऱ्या हलक्या धानाचं पुंजणं, पेंढ्यांची गंजी, लागलेलं, मधली जागा सारवलेली. डोमा परत बरोबर वळला. मी म्हणालो, मुसळ डोक्यावर. पळ.

तो पळाला. पुंजण्याला वळसा, बैलांच्या खुंट्याला वळसा, परत. अनवाणी. पोरं हसायला लागली, शिवानं टाळी दिली, "धाव गा डोम्या, धाव! मांगं वाघ हाय!" दुसऱ्यानं वाघाचा आवाज काढला. डोमाही हसला, पहिल्यांदा. मग हसायचा थांबला. हात वाकायला लागले. मुसळ डोक्याला टेकलं की मी ओरडायचो, वर! आणि ते वर जायचं.

इथं सिनेमात पुढचं दृश्य येतं. ताटं येतात. खळ्यावर येत नाही. खळ्यावर जो पळतो तो पळतच राहतो, जोवर सांगणारा थांब म्हणत नाही. हे मी पत्रकात लिहिलं होतं. जवळजवळ ह्याच शब्दांत लिहिलं होतं.

मुसळ त्याच्या हातून सुटलं ते उभंच खाली आलं. कड्याच्या बाजूनं. उजव्या पायावर.

आवाज मोठा झाला नाही. मातीत काहीतरी रोवावं तसा. डोमा खाली बसला आणि पायाकडं न बघता माझ्याकडं बघायला लागला.

सोनबा बांधीतून धावत आला, विळा हातातच. तो काही विचारायच्या आत — कुणीच काही विचारलेलं नव्हतं — मी म्हणालो, "तो सिनेमातलं करून पाहत होता, सोनबा. मी नको म्हणत होतो."

इतकं सहज. मला स्वतःलाच ऐकून नवल वाटलं. पोरं मुसळं गोळा करायला लागली. मी डोमाकडं पाहिलं. त्यानं बापाकडं मान वळवली आणि म्हणाला, "हव बा. माहंच चुकलं."

बघा — तिथं चुकला तो. मी इतके दिवस चूक म्हणून सांगत होतो, तेव्हा नाही.

बंडीत घालून त्याला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. मी सोबत होतो, सगळ्यांत जास्त धावपळ मीच केली, हे गाव आजही सांगतं. पायाचं पुढचं हाड चुरलेलं. पाय राहिला, पण बोटं आत वळून, वाकडा. उशिरा येणाऱ्या भारी धानाची कापणी समोर होती, ती सोनबानं एकट्यानं केली. कामठीचं नाव त्यानंतर डोमानं घेतलं नाही. जोडे तर सोडाच, त्या पायात चप्पल बसत नाही.

मंडईत दंडार झाली. मुसळांऐवजी शिवानं बांबूच्या हलक्या बंदुका केल्या, काजळी फासून काळ्या. एका सकाळी झाल्या. त्या आधीही एका सकाळी झाल्या असत्या. जाड्याचं काम दुसऱ्यानं केलं, तो पळाला तिथं लोक हसले, मेला तिथं बाया रडल्या. शेवटी मी युद्धाविरुद्ध बोललो. टाळ्या.

इथं थांबलो असतो तर? तर हा एक भेकड खोटेपणा झाला असता, गावातल्या गावात राहिला असता. पण मी पत्रकवाला. हाताला लागलेलं मी टाकून देत नाही.

चिटणीसांना मी तेच सांगितलं जे सोनबाला सांगितलं होतं. त्यांचे डोळे चमकले. "ह्याच्यावर लिही! हा तर जिवंत पुरावा आहे." मी लिहिलं. एका बैठकीत. 'सिनेमाचा पहिला जखमी' — हे नाव. त्यात डोमाचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. त्यात असं की हा भोळा, अडाणी तरुण लढाईचा सिनेमा पाहून इतका भारला की एकटाच खळ्यावर मुसळ डोक्यावर धरून धावत सुटला, तोंडानं ते विषारी वाक्य ओरडत — 'थकने का हुकुम अभी नहीं आया!' — आणि जन्माचा पांगळा झाला. याला जबाबदार कोण? असं मोठ्या टायपात विचारलं होतं. खाली उत्तर होतं: सिनेमावाले.

जबाबदार कोण! हा प्रश्न मी स्वतः छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याशेजारी उभा राहून लावून घेतला. जाड टाइप काढायला लावला.

हे पत्रक पहिल्यापेक्षा गाजलं. सिनेमा उतरला. आम्ही मिरवणूक काढली, माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. खरं म्हणाल तर सिनेमाच्या रिळांच्या पेट्या त्या शुक्रवारी नागपूरला परत जायच्याच होत्या, गेटकीपरनं मला आधीच सांगितलं होतं. तेही मी कुणाला बोललो नाही. एकदा सवय लागली की—

डोमाला वाचता येत नाही. पत्रकाचा एक कागद कुणीतरी त्याच्या हातात दिला असणार, हसत. तो लंगडत आमच्या ओसरीवर आला. मी चहा पीत होतो.

"भाऊ, ह्याच्यात माहं नाव हाय म्हनतेत. वाचून दाखवा ना जी."

मी कागद हातात घेतला. माझाच कागद. नजर पहिल्या ओळीवर गेली — 'भोळा, अडाणी' — आणि मी वाचायला लागलो. काय वाचलं? जे लिहिलं नव्हतं ते. की या गावचा डोमा हा धीराचा तरुण, दंडारीत त्याच्यासारखी कवायत कुणाला जमली नाही, तालमीत पायाला इजा झाली तरी त्यानं हूं की चूं केलं नाही, फौजेत असता तर नाव काढलं असतं. एका दमात. मध्ये एकदाही न अडखळता. मला बोलता येतं, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी जसं आलं तसं नंतर कधी आलं नाही.

डोमानं कागद नीट घडी केला. "चांगलं लिव्हलं जी," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कागद त्याच्या घराच्या दर्शनी भिंतीवर होता, पेजेनं चिकटवलेला. रस्त्यावरून दिसावा असा. वाचता येणारा जो कुणी जाई तो थांबून वाचे, आणि डोमा दारात बसलेला असला तर त्याच्याकडं बघून हसे. डोमाही हसून मान हलवी. लोक त्याला हवालदार म्हणायला लागले. त्याला वाटलं, मानानं म्हणतात.

मी रोज त्या रस्त्यानं सायकलीवर जायचो. रोज. कागद काढून टाकायला हात पुरे होता.

किती दिवस राहिला तो कागद? पाऊस लागेपर्यंत नक्की. मग एके दिवशी नव्हता. पेजेचा चौकोन तेवढा राहिलेला, मातीपेक्षा फिका. नंतर कळलं, आमगावहून आलेल्या कुणा पाव्हण्यानं दारात बसून तो मोठ्यानं वाचला होता, सगळा, वरपासून खालपर्यंत. घरात सोनबा होता. डोमाची आई होती.

डोमा माझ्याशी भांडला नाही. मला वाटत होतं भांडेल; मी उत्तरं तयार ठेवली होती, चांगली, मुद्देसूद. तो शेताच्या धुऱ्यावर भेटला, हिवाळ्यात राखणीला बसलेला, पाय समोर लांब केलेला. लाखोळीच्या शेंगा सोलत होता. मग म्हणाला, "भाऊ, तुमी वाचताना कुठी थांबले नाई ना जी. म्हनून मले खरं वाटलं."

एवढंच. शेंगा पुढं केल्या. मी घेतल्या. खाल्ल्याही.

आता झालं सगळं, असं तुम्हाला वाटेल. पत्रकात खोटं लिहिलं, वाचताना खोटं वाचलं, आणि मान्य केलं. नाही. मी पुन्हा बाजूनं निघून जातोय — हे मला नीट येतं, गोल फिरून लहान दोष कबूल करायचा आणि त्याच्या आड मोठा लपवायचा. एक अजून राहिलं आहे. त्या दुपारचं. मुसळ पडायच्या आधीचं.

डोमानं विचारलं होतं.

पळता पळता, पुंजण्याच्या पलीकडून वळून माझ्यासमोर आला तेव्हा. पोरं तोवर हसायची थांबली होती, शिवा म्हणालाही, "भाऊ, पुरे ना गा आता." डोमाच्या तोंडाला फेस आला होता, आणि तरी तो पळणं न थांबवता, जागच्या जागी पाय उचलत, अदबीनं विचारत होता, "भाऊ, ठेवू का जी आता?"

मला तेव्हा राग आला नव्हता. फौजेचा विचार नव्हता, सिनेमाचा नव्हता, त्याच्या भल्याचा तर नव्हताच. मला बरं वाटत होतं. एक धडधाकट माणूस माझ्या तोंडाकडं बघत उभा होता, मी म्हणेन तर मुसळ खाली येणार होतं आणि मी म्हणेन तर वर राहणार होतं. असं मला कधी वाटलं नव्हतं. भाषणात नाही, मिरवणुकीत नाही, पुढं हार पडला तेव्हाही नाही.

पत्रकात मी लिहिलं की ते वाक्य डोमा ओरडत होता. डोमानं ते कधीच उच्चारलं नाही. मी उच्चारलं. मिशीवर ताव देतात तसा हात ओठावर फिरवून, टॉकीजमधल्या त्याच हेलात, पोरांकडं बघत, ती पुन्हा हसतील म्हणून—

"थकने का हुकुम अभी नहीं आया."

कुणी हसलं नाही. डोमा "हो जी" म्हणाला, आणि पुढच्या फेरीला गेला.